फुरशाचा दगड

मृगाचा पहिला पाऊस पडून चार दिवस झालेत. कारंजा लाड मागे टाकून तुम्ही सोहोळच्या बाजूला माळावर आला आहात. सूर्य बुडायला अजून अर्धा तास आहे. डाव्या हाताला काळवीट अभयारण्याचं गवत, बुडाशी नुकतं हिरवं झालेलं, वरून अजून वाळकं. उजव्या हाताला वखरपाळी देऊन पेरणीला तयार झालेली काळी जमीन. या दोहोंच्या मधे ई-क्लासचा एक मुरमाड तुकडा होता. ई-क्लास हा आमच्या वऱ्हाडातला शब्द. बाकी महाराष्ट्र ज्याला गायरान म्हणतो ती गुरं चारायची सरकारी जमीन. आता तिथे खड्डा आहे. पुरुषभर खोल, काठावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे, तळाशी चार दिवसांचं गढूळ पाणी.

काठाशी वाकून बघा. मातीत परातीएवढा एक खोलगट वळ दिसेल. तिथे एक दगड होता. काळा, एका अंगाने चपटा, दोघांनी पहार घालून उलथवावा एवढा. त्याच्याखाली फुरसं राहायचं. एकच फुरसं इतकी वर्षं कसं राहील? पण एक गेलं की दुसरं येई, आणि आमच्या गुराख्यांना तो दगड ‘फुरशाचा दगड’ म्हणूनच माहीत होता. पोरांना सांगून ठेवलेलं असायचं, “तेथीसा बसू नोको रे बाबू, खाली फुरसं राह्यते.”

मला तुम्हाला तो दगड दाखवायचा आहे. जागा सोडू नका. इथेच उभे राहा, मागे जायचं आहे ते काळात.

*

11 डिसेंबर 2022. थंडी आहे. समृद्धी महामार्ग आज नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झालाय, 520 किलोमीटर, आणि तो आपल्या कारंज्यावरून, मालेगाव तालुक्यातून जातो. लोकांना आनंद आहे, मलाही आहे. सर्पदंशाचा रोगी नागपूरला लवकर पोचणं ही लहान गोष्ट नाही. पण कुठल्याही रस्त्याच्या पोटात मुरूम असतो. घराच्या जोत्यात, ले-आउटच्या भरावात, शेतात जाणाऱ्या पांदणीत, सगळीकडे मुरूम लागतो, आणि तो येतो अशा जमिनीतून जिला कागदावर ‘पडीक’ म्हणतात. पडीक म्हणजे जिथे माणसाने काही पेरलेलं नाही. एवढ्याच अर्थाने ती पडीक.

आणखी थोडं मागे. एप्रिलची दुपार, ऊन डोक्यावर. जेसीबीची बकेट दगडाखाली शिरते, दगड कलतो. खाली, गारव्याला, सुतळीच्या गुंडाळीसारखं काहीतरी पडलेलं आहे. इंजिनाच्या आवाजात त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. ते वेटोळं स्वतःवर घासतंय, इशारा देतंय, आणि समोर पिवळा लोखंडी हात आहे, ज्याला कान नाहीत. बकेट पुन्हा खाली येते.

हे पाहून घ्या आणि पुढे चला. इथे थांबवत नाही.

*

1998 चा जुलै. दगड जागेवर आहे. 1 तारखेला अकोल्यातून सहा तालुके निघून वाशिम जिल्हा वेगळा झालाय. गावात गुलाल दिसतो. रात्र झाली आहे, पावसाची एक सर येऊन गेली आहे, आणि तुमच्या हातात विजेरी आहे. उजेड जमिनीवर धरा. पायात बूट आहेत ना? नसतील तर जागचे हलू नका.

ते बाहेर आलंय.

पहिल्यांदा बघणाऱ्याला विश्वास बसत नाही की हा एवढासाच साप. दीड-दोन वीत लांब, जाडी अंगठ्याएवढी. रंग मुरमाचा: तपकिरी, त्यावर धुळकट पांढरे ठिपके, दोन्ही कुशींवरून जाणारी नागमोडी फिकट रेघ. डोकं मानेपेक्षा रुंद आणि त्यावर पक्ष्याच्या पावलासारखी, किंवा बाणाच्या टोकासारखी म्हणा, पांढुरकी खूण. डोळे अंगाच्या मानाने मोठे, बाहुली मांजरासारखी उभी. तुम्ही एक पाऊल पुढे टाकता आणि ते अंग दुमडून घेतं, एकात एक अडकवलेल्या चंद्रकोरींसारखं. त्या कोरी हलायला लागतात. एक पुढे सरकते, दुसरी तिला घासून मागे जाते. आणि तो आवाज येतो.

ओल्या लाकडावर बारीक करवत चालवावी तसा. किंवा गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडत राहावेत तसा. नागाचा फुत्कार छातीतून येतो, घोणशीची शिट्टी फुप्फुसातून येते. फुरशाचा आवाज कातडीतून येतो. विजेरी जरा तिरपी धरा म्हणजे कुशीवरचे खवले दिसतील. पाठीवरचे सरळ ओळीत आहेत, पण बाजूच्या काही ओळी तिरक्या बसल्यात, आणि प्रत्येक खवल्याच्या मधल्या कण्याला करवतीसारखे दाते आहेत. कुशीवर कुस घासली की दात्यांवर दाते घासतात. अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापाला शेपटीच्या टोकाला पोकळ कड्यांची साखळी असते, प्रत्येक कातीगणिक एक कडं वाढत जाणारी. ती थरथरवून तो बजावतो. आपल्याकडे खुळखुळ्या साप नाही. दूरचं नातं मात्र आहे, दोघे एकाच मोठ्या कुळातले, आणि दोघांनीही तोंडातला वारा न वापरता ‘थांब’ म्हणायची युक्ती शोधली. कोरड्या मुलखात फुत्कार टाकणं म्हणजे श्वासाबरोबर अंगातली ओल बाहेर टाकणं. ती वाचवण्यासाठी हा कातडीचा आवाज आला असावा, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. ज्या माळावर जनावरं मे महिन्यात पाण्याच्या थेंबासाठी मैलभर चालतात, तिथे साप तरी ओल कशी उधळेल?

तुम्ही मागे सरा. आवाज मंद होतो. ते अंग उकलतं आणि निघून जातं, पण सरळ नाही. डोकं एकीकडे, अंग दुसरीकडे, आडव्या उड्या टाकत कुशीवरून. ओल्या मातीवर मागे तुटक तिरप्या रेघा उरतात. ते आता विंचू शोधणार. फुरसं विंचू खातं, गोम खातं, टोळ-किडे, बेडूक, पाली आणि उंदराची पिल्लंही. मोठ्या सापांनी सोडलेली ताटं ते चाटूनपुसून खातं, आणि म्हणूनच मोठ्या सापांचं भागणार नाही अशा खडकाळ जागी त्याचं भागतं. पावसाळ्यात जमीन चिंब झाली की ते बोरी-बाभळीच्या झुडपांवर चढून बसतं. कमरेच्या उंचीवर फांदी सारणाऱ्या हाताला ते कधीकधी तिथे भेटतं.

ही मादी असेल तर तिच्या पोटात पिल्लं असतील. फुरसं अंडी घालत नाही. एप्रिल ते ऑगस्टच्या दरम्यान तीनपासून पंधरापर्यंत पिल्लं होतात, प्रत्येक बोटभर, आणि विषाचे दात घेऊनच जन्मलेलं.

या वर्षाची आणखी एक गोष्ट. वाशिम जिल्हा होण्याच्या आधी दोनच महिने, मे 1998 मध्ये, अमेरिकेत टायरोफिबान नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. हृदयविकाराचा झटका येऊ घातलेल्या माणसाच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ते शिरेतून देतात. त्या औषधाच्या रेणूची घडण फुरशाच्या विषातल्या एकिस्टॅटिन या प्रथिनावरून घेतली आहे. रक्तातल्या चकत्या एकमेकींना चिकटू न देण्याची विषाची जी करामत, तीच माणसाने मोजूनमापून उलटी आपल्या उपयोगी लावली. या दगडाखाली राहणाऱ्या प्राण्याच्या भाईबंदांनी जगभरातली किती हृदयं चालू ठेवली असतील, हे त्या दगडाजवळून जाणाऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

*

1986. तिन्हीसांजा. तुम्ही गावात आहात, कारण आज माळावर थांबण्यात अर्थ नाही. गोष्ट गावात घडते आहे. एका घराच्या मागे बाई गोवऱ्या काढायला गेली. गोवऱ्यांची रास दगडांच्या कुडाला टेकलेली. तिच्या हाताच्या बोटाला काहीतरी टोचलं. “काटा रुतला वाटते,” ती म्हणाली. मग तिने ते बघितलं.

तुम्ही ओरडून सांगता, दवाखान्यात न्या. तुमचा आवाज कुणाला जात नाही, तुम्ही चाळीस वर्षं उशिरा आला आहात. तिला मारुतीच्या पारावर बसवतात. कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलेलं नाही असं समजायचं. तिला कडू लागतो. सगळे सुटकेचा श्वास टाकतात. फुरशाच्या विषाने जीभ बधिर होत नाही, डोळे मिटत नाहीत, श्वास अडत नाही. नाग-मण्यारीचं विष मज्जातंतूंवर धावतं; हे रक्तात उतरतं आणि सावकाश. बोट सुजतं, मग मनगट, मग कोपर. रात्रभर ती विव्हळते. दुसऱ्या दिवशी सकाळी राखुंडीने दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबत नाही. दुपारी लघवी लाल होते. मग जीप आणि अकोला.

तिथे डॉक्टर एक साधी गोष्ट करतात. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन ती नळी बाजूला उभी ठेवतात. वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. मग ती हळूच कलती करायची. निरोगी माणसाचं रक्त तोवर थिजून नळीला धरलेलं असतं. या नळीतलं पाण्यासारखं वाहतं. विषातलं एकॅरिन नावाचं प्रथिन रक्त गोठवायची अख्खी यंत्रणा विनाकारण चालू करून देतं. गोठवायचं सामान अंगातल्या अंगात खर्ची पडतं आणि खरी जखम झाली की कोठारात काही उरलेलं नसतं. आजही ग्रामीण रुग्णालयात हीच वीस मिनिटांची परीक्षा करतात आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही.

तिला लस मिळाली. ती जगली. बोटाचं टोक गेलं. ज्या लसीने ती वाचली ती घोड्यांच्या रक्तातून बनते, आणि घोड्याला टोचायला लागतं विष, म्हणजे फुरसंच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांच्या विषावर मिळून आपली लस तयार होते. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत ती पिढ्यान्‌पिढ्या बनली. आता देशभरच्या लसीसाठी लागणारं विष मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या, 1978 मध्ये सुरू झालेल्या सहकारी संस्थेतून येतं. इथे एक गाठ आहे. साप तोच असला तरी मुलूख बदलला की विषाची घडण बदलते. दक्षिणेतल्या सापांपासून केलेली लस राजस्थानातल्या फुरशाच्या दंशावर कमी पडते असं दिसून आलं आहे. म्हणजे आपल्या माळावरचं फुरसं नाहीसं झालं, तर आपल्या विषाचा नमुनाही त्याच्याबरोबर जाईल, आणि चार दूरच्या गावी उरलेली फुरशी आपल्या माणसांना चावत राहतीलच.

मी त्या बाईच्या घरच्यांना दोष देत नाही. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं मेली, वर्षाला 58 हजार, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. ज्याच्या घरात हे घडलं त्याला सापाचं कौतुक सांगायला तोंड लागतं. ती अकोल्याहून परत आली त्या रात्री गावातले आठ-दहा जण काठ्या-कंदील घेऊन कूड उलथायला निघाले, तुम्ही त्यांच्या मागे आहात. तीन साप मारले गेले. कंदिलाच्या उजेडात तिसऱ्याकडे नीट बघा. अंग लांब, शेपूट सडपातळ, आणि डोक्यावर पक्ष्याच्या पावलाची खूण नाही. तो मांजऱ्या होता. माणसाला त्याचं काही होत नाही. फुरशासारखा दिसतो, एवढंच त्याचं नशीब.

*

1972. खडी फुटतेय. दुष्काळाने मराठवाड्याला जसं होरपळलं तसं वऱ्हाडाला नाही, पण पैनगंगेच्या या काठावरही हाताला काम हवं आहे, आणि काम म्हणजे दगड. माळावर बायकांची रांग बसली आहे, एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताच्या बोटांना चिंध्या. आमची आजी या रांगेत होती. ती सांगायची की दगड उचलायच्या आधी त्याला पायाने नाही, काठीने डिवचायचं, आणि कान द्यायचा. करकर आली की तो दगड सोडून पुढचा घ्यायचा. “त्याचं घर होय ते,” ती म्हणायची, “आपल्याले दगड काय कमी हायेत?” भीती होती, पण भीतीबरोबर एक हिशेबही होता, इतके दगड आपले, तो एक त्याचा.

याच वर्षी देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या रांगेतल्या कुणी तो ऐकला नव्हता.

*

आता एक मोठी उडी घ्यायची आहे, आणि फक्त या एका वेळेला हा मुलूखही सोडायचा आहे. कारण मी जे सांगतोय त्याचा सगळ्यात विलक्षण पुरावा वाशिमात नाही, कोकणात आहे.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, रत्नागिरी जिल्हा. पायाखाली मुरूम नाही, जांभा आहे. लाल, भोकाभोकांचा, तापलेला सडा. ऑक्टोबरचं ऊन. सड्यावर माणसं पसरली आहेत, हातात लांब दांड्याचे चिमटे, पाठीला मडकी. सरकारने फुरशावर बक्षीस लावलं आहे. मेलेला साप आणून दाखवा, पैसे न्या. तुम्ही एका माणसाच्या शेजारून चाललात तर दिसेल की तो घाईत नाही. तो दगड अर्धा उचलतो, वाकून बघतो, चिमटा घालतो, डोकं ठेचतो, मडक्यात टाकतो, दगड परत जसा होता तसा ठेवतो.

दगड परत ठेवतो. हे लक्षात ठेवा.

कचेरीच्या आवारात मोजणी चालू आहे. जी. डब्ल्यू. विडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने हे आकडे पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवून ठेवले: सहा वर्षं, दर वर्षी सरासरी 2 लाख 25 हजार 721 फुरशी, एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात. जरा थांबून हा आकडा मनात भरू द्या. सहा वर्षांत साडेतेरा लाखांच्या घरात. दंश कमी झाले का? फुरसं कोकणातून गेलं का? नाही. विसाव्या शतकात विषासाठी हाफकिनला फुरशी हवी असत ती याच रत्नागिरी-देवगडच्या सड्यांवरून यायची, आणि आजही कोकणातला शेतकरी वाळलेलं गवत कापताना हाताआधी काठी फिरवतो.

तुलनेला अमेरिकेतले खुळखुळे साप घ्या. टेक्सासमध्ये स्वीटवॉटर नावाचं गाव आहे. तिथे 1958 पासून दर मार्चला खुळखुळ्या सापांची जत्रा भरते. हजारोंनी पकडून आणतात, तोलतात, कापतात. अमेरिकेच्या पूर्व भागात टिंबर रॅटलस्नेक या खुळखुळ्या सापावर कित्येक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या बक्षीस होतं, आणि तिथे तो साप खरोखरच बऱ्याच मुलखातून पुसला गेला. तो उशिरा वयात येतो, मादी कित्येक वर्षांतून एकदा विते, आणि हिवाळ्यात सगळे ठरलेल्या कपारीत एकत्र झोपतात; कपार सापडली की कुळ सापडलं. फुरसं तसं नाही. लवकर मोठं होतं, भरपूर वितं, एकेक दगड धरून विखुरलेलं राहतं. त्याला मारून संपवणं फार अवघड. इंग्रज सरकारने पैसे ओतून पाहिलं, जमलं नाही.

कारण दगड जागेवर होते.

मला एवढंच म्हणायचं आहे. काठीने, बक्षिसाने, चिमट्याने जे साडेतेरा लाख साप मारूनही झालं नाही, ते माळ सपाट केल्याने होतं. जिथे दगडच राहत नाही तिथे नवं फुरसं येऊन कुठे राहणार?

*

परत वाशिमला. नाव अजून बाशिम आहे. बाशिम एक स्वतंत्र जिल्हाही आहे, 1905 मध्ये तो अकोल्यात विरघळेल. आणखी मागे. 1796. पॅट्रिक रसेल नावाचा डॉक्टर कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचं पुस्तक छापतोय, त्यात एका छोट्या सापाचं चित्र आहे, नाव ‘होरट्टा पाम’. पाच वर्षांनी, 1801 मध्ये, श्नायडर नावाचा जर्मन पंडित त्याला शास्त्रीय नाव देणार आहे, आणि त्यात ‘कॅरिनाटा’, म्हणजे खवल्यांवर कणा असलेला, हा शब्द कायमचा राहणार आहे. घोणशीला इंग्रजीत रसेलचं नाव मिळालं. फुरशाला त्याच्या करवतीचं मिळालं, ते बरं झालं.

आणखी मागे. चौथं-पाचवं शतक. वाशिम आता वत्सगुल्म आहे, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पुढे 1939 मध्ये इथे विंध्यशक्तीचे ताम्रपट सापडतील, गाव दान दिल्याचे. इथून उत्तरेला आपला माळ मात्र कुणी दान दिलेला नाही. त्यावर गवत आहे, काळविटांचे कळप आहेत, एक गुराखी आहे ज्याची भाषा तुम्हाला अर्धीमुर्धी कळते. तो दगडाला वळसा घालून जातो.

आणि मग अगदी शेवटपर्यंत. सगळं गवत निघून जातं, गुरं जातात, माती जाते. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची रात्र. पायाखालची जमीन लालभडक आहे. दख्खनवर लाव्हा पसरतोय, एक थर, त्यावर दुसरा. या थरांच्या आधीही इकडे साप होतेच. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या शेणखड्यांच्या परिसरात एका मोठ्या सापाचे मणके मिळाले, त्याचं नावच माड्त्सोया पिसदुरेन्सिस. गुजरातेत धोली डुंगरीला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांच्या हाती डायनासोरचं घरटं लागलं, अंडं फोडून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू आणि त्याच्याभोवती साडेतीन मीटरचा साप, सगळे एकत्र दगड झालेले. ती मोठी जनावरं गेली. लाव्हा निवत गेला, थिजताना भेगाळला. त्या भेगांत पाणी शिरलं, वरचा कातळ कुजून मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली, आणि जे कठीण होतं ते गोळे मातीत उघडे पडले.

त्यातलाच एक आपला दगड. तो कधी मोकळा झाला, पहिलं फुरसं त्याच्याखाली कधी शिरलं, हे कुठल्याच ताम्रपटात नाही.

*

परत या. मृग, चार दिवसांचा पाऊस, खड्डा. उजेड संपत आलाय.

दगड कुठे गेला म्हणता? बरेच गेले क्रशरला. काही ट्रॉल्या मात्र पलीकडच्या नाल्यात रिकाम्या झाल्या, तिथे मृद्‌संधारणाच्या कामात दगडी बांध घातलाय, पाणी अडवायला. चला, दोनशे पावलं आहेत. धुऱ्यावरून चला, वखरलेल्या जमिनीत पाय पडू देऊ नका. बांध कमरेएवढा उंच आहे, सिमेंट नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेले. पाण्याने आणलेला पालापाचोळा फटींत अडकलाय. तरोट्याची रोपं उगवून आलीत.

तो तळाशी आहे, डावीकडून तिसरा. चपटं अंग आता वर आलंय, आणि त्यावर अजून ती फिकट मातकट पट्टी आहे, जिथपर्यंत तो जमिनीत होता. हात लावून बघायची इच्छा होईल. काठी घ्या. आजी करायची तसं काठीचं टोक दगडावर दोनदा टेका आणि कान द्या.

आधी पाणी ऐकू येतं, दगडांमधून झिरपणारं. मग बेडूक. मग, डाव्या अंगाच्या फटीतून, फार बारीक, एखाद्या लहान पोराने करवत धरावी तसा.

काठी मागे घ्या.